हवामान बदलामुळे प्राणी नामशेष होतात का? बेळगाव-खानापूरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जांबोटी, कणकुंबी, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातल्या शाळांत, तरुण मंडळांत आणि गावच्या कट्ट्यावर वन्यजीवांचा विषय निघाला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जास्त जागा लागते.

थेट सांगा, हवामान बदलामुळे एखादा प्राणी खरंच नामशेष झालाय का?

हो, झालाय. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचं एक चिमुकलं बेट आहे. जेमतेम दहा-बारा एकरांचं, आणि समुद्रापासून तीन मीटरही उंच नाही म्हणावं असं. तिथे मेलोमिस जातीचा एक उंदीर राहायचा आणि जगात दुसरीकडे तो कुठेही नव्हता. समुद्राची पातळी वाढत गेली, वादळात लाटा बेटावरून जाऊ लागल्या, खाऱ्या पाण्याने तिथली हिरवळ जळाली. उंदराचं खाणं तेच आणि लपायची जागाही तीच. २००९ साली तो शेवटचा दिसला. २०१४ साली अभ्यासकांनी पिंजरे आणि कॅमेरे लावून सगळं बेट पालथं घातलं, एकही सापडला नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. माणसाने घडवलेल्या हवामान बदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद आहे.

दुसरं नाव नेहमी घेतलं जातं ते कोस्टा रिकातल्या मोन्टेव्हर्देच्या सोनेरी भेकाचं. १९८९ नंतर तो कुणालाच दिसलेला नाही. तिथल्या डोंगरावरचं धुकं कमी झालं आणि कोरडे दिवस वाढले, हे खरं. पण त्याच काळात बेडकांच्या कातडीला लागणारी एक घातक बुरशीही पसरत होती, आणि १९८६-८७ च्या एल निनोने, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याच्या घटनेने, तिथे मोठा दुष्काळ पाडला होता. त्यामुळे दोष कुणाचा किती, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०२२ च्या अहवालात हवामानाशी जोडलेल्या नामशेष प्राण्यांत या दोघांचाही उल्लेख केला आहे.

दोनच नावं? मग एवढी ओरड कशासाठी?

नामशेष हा शिक्का फार उशिरा बसतो, हे आधी ध्यानात घ्या. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे कोणती प्रजाती किती धोक्यात आहे त्या नोंदीत, एखादी प्रजाती नामशेष ठरवायची तर तिच्या ओळखीच्या सगळ्या जागी, योग्य हंगामात, पुन्हा पुन्हा शोध घ्यावा लागतो. शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये. कित्येक वर्षं त्यातच जातात. शिवाय हा नियम लागतो तो ज्यांना नाव आहे त्यांनाच. सह्याद्रीत आजही नवे बेडूक, नव्या पाली, नवे किडे सापडताहेत, म्हणजे नाव मिळायच्या आधीच गेलेले किती असतील ते कुठल्याच वहीत येणार नाहीत.

म्हणून मेलेल्यांची यादी मोजण्यापेक्षा जिवंत आहेत त्यांची अवस्था पाहावी. जगभरातल्या उभयचरांचा म्हणजे बेडूक, भेक, देवगांडूळ वगैरेंचा मोठा आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात निघाल्या. २००४ नंतर ज्यांची अवस्था आणखी खालावली, त्यांतल्या ३९ टक्के प्रजातींच्या बाबतीत मुख्य कारण हवामान बदल हे होतं. आधीच्या काळात रोग आणि जंगलतोड ही मोठी कारणं होती. आयपीसीसीचा अंदाज असा की तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी जमिनीवरच्या, अभ्यासलेल्या प्रजातींपैकी ३ ते १४ टक्क्यांना नामशेष होण्याचा अतिशय मोठा धोका असेल. तीन अंशांवर गेली तर वरचा आकडा २९ टक्क्यांपर्यंत जातो.

हवामान तर पूर्वीपासून बदलत आलंय. हिमयुगं आली नि गेली. आत्ताच काय झालं?

वेग. शेवटचं हिमयुग ओसरताना पृथ्वी साधारण पाच अंशांनी तापली, पण त्याला पाच ते दहा हजार वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाच्या वर वाढ झाली आहे आणि त्यातली बरीचशी गेल्या पन्नास वर्षांतली. दुसरं असं, की त्या काळी प्राण्यांना सरकायला वाट मोकळी होती. आज मध्ये उसाचे फड, धरणांचे जलाशय, चौपदरी रस्ते आणि गावं आहेत.

पूर्वीच्या बदलांत सगळं सुखरूप पार पडलं, असंही नाही. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात ज्वालामुखींनी हवेत प्रचंड कार्बन ओतला, समुद्र तापले, आम्लधर्मी झाले, त्यांतला प्राणवायू घटला. समुद्रातल्या दहापैकी जवळपास नऊ प्रजाती तेव्हा संपल्या.

पण ऊन दोन अंशांनी वाढलं म्हणून प्राणी मरतो कसा? आपण तर चाळीस अंशांतही जगतो.

उन्हाने थेट मरणारेही आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स भागात पारा ४२ च्या वर गेला आणि दोन दिवसांत फळं खाणारी सुमारे २३ हजार वटवाघळं झाडांखाली मरून पडली. त्या जातीच्या एकूण संख्येचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. पण बहुतेक वेळा मरण असं समोरून येत नाही. पावसाचं वेळापत्रक बिघडतं, रोगाला जोर चढतो, खाणं आणि पिल्लं यांची गाठ चुकते.

वेळापत्रकाचं उदाहरण बेळगावहून सावंतवाडीला जाताना लागणाऱ्या आंबोलीतच आहे. तिथला आंबोली भेक २००९ साली शास्त्राच्या नोंदीत आला. अंगठ्याएवढा जीव, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. वळवाचे आणि मृगाचे पहिले पाऊस पडले की जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, तळहाताएवढी उथळ डबकी साचतात, त्यांत मादी अंडी घालते. तळी नाही, ओढा नाही, हीच डबकी. कारण तिथे मासे नसतात, अंडी खाणारे शत्रू कमी असतात. पाऊस रोज थोडाथोडा येत राहिला तर अंड्यांतून पिल्लं निघतात आणि डबकं आटायच्या आत त्यांना पाय फुटतात. पण पहिल्या दोन सरींनंतर पाऊस आठ-दहा दिवस गायब झाला, तर दगड तापतो, पाणी उडून जातं आणि अंडी दगडावर चिकटून वाळतात. वर्षाचं एकूण पर्जन्यमान तेच राहिलं तरी हे घडतं. मृग लागून पंधरा दिवस उघडीप आणि मग आठवड्यात महिन्याभराचा पाऊस, ही तक्रार खानापूरच्या भात लावणाऱ्या शेतकऱ्याचीही आहे. त्याला दुबार पेरणी तरी करता येते, भेकाला नाही.

रोगाचं उदाहरण आपल्याकडच्या पशुपालकांना लगेच कळेल. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात सायगा नावाचं हरीण राहतं. मे २०१५ मध्ये, माद्या वीत असतानाच, तीन आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सायगा मेले. जगातल्या एकूण सायगांपैकी निम्म्याहून अधिक. मारणारा जंतू कोणता? पाश्चुरेला, म्हणजे ज्याच्यापासून म्हशींना घटसर्प होतो आणि पावसाळ्याआधी आपण लस टोचून घेतो तोच. हा जंतू त्या हरणांच्या घशात एरवीही गुमान पडून असतो. त्या वर्षीची हवा नेहमीपेक्षा उबदार आणि दमट होती, आणि तो उसळला.

हवाई बेटांवर तर गुन्हेगार दोन आहेत. एकोणिसाव्या शतकात जहाजांतून तिथे डास पोचले आणि पक्ष्यांचा मलेरिया पसरला. स्थानिक छोटे पक्षी उंच डोंगरावरच्या थंडीत सरकून वाचले, कारण तिथे डास टिकत नव्हते. आता डोंगर तापले आणि डास वर चढू लागले. तिथल्या अकिकिकी नावाच्या पक्ष्याचे रानातले मोजकेच जीव अलीकडे उरले होते. डास माणसाने नेला आणि डोंगर माणसानेच तापवला. यात हवामानाचा वाटा किती, हा प्रश्न आकड्यात सोडवण्याच्या फंदात मी पडणार नाही. डास नसता तर ऊब पक्ष्याला मारती ना, आणि ऊब नसती तर डास वर जाता ना.

आपल्या भागात सगळ्यात जास्त धोका कुणाला आहे? वाघाला?

वाघाला नाही. वाघ, बिबट्या हे वाळवंटाच्या कडेपासून दलदलीपर्यंत निभावून नेणारे प्राणी आहेत. त्यांना धोका शिकारीचा आणि तुटलेल्या जंगलाचा आहे. हवामान बदलाची पहिली झळ लागते ती ज्याचं घर छोटं, ज्याला चालवत नाही आणि ज्याची कातडी ओली राहिली तरच श्वास चालतो अशांना.

खानापूर तालुक्यात असे जीव भरपूर आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नसतात. चोर्ल्याजवळून २००७ साली एका देवगांडुळाचं वर्णन झालं आणि त्याला म्हादई नदीचं नाव मिळालं. दिसायला मोठ्या गांडुळासारखं, पण पाठीचा कणा असलेलं, बेडकाच्या नात्यातलं. ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली, दगडाखाली त्याचं आयुष्य जातं. माती एक महिना जास्त कोरडी राहिली तर ते कुठे जाणार? बेडूक निदान उड्या मारत ओढा गाठतो.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधलं राटनचं वटवाघूळ याच पंगतीतलं. १९१३ साली शास्त्राने त्याची नोंद घेतली आणि त्यानंतर जवळपास नव्वद वर्षं जगात ते फक्त इथेच असल्याचं समजलं जात होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. लाल यादीत त्याच्यापुढे आज 'माहिती अपुरी' असा शेरा आहे. गुहेतला थंडावा आणि ओल बाहेरच्या मानाने स्थिर असते, पण हे वटवाघूळ रात्री किडे पकडायला बाहेर पडतं आणि किड्यांचं येणं-जाणं पावसावर अवलंबून असतं. त्याच्यावरचं तातडीचं संकट मात्र माणसांचा वावर हेच. टॉर्च, गोंगाट, धूर यांनी वसाहत उठली तर हवामानाला दोष द्यायची वेळच येणार नाही. भीमगड अभयारण्याचा दर्जा या जंगलाला मिळाला, हे आपल्या तालुक्याचं भाग्य.

आता उंचीचा हिशेब पाहू. डोंगरात दर शंभर मीटर वर चढलं की तापमान साधारण पाऊण अंशाच्या आतबाहेर उतरतं. म्हणजे दोन अंश वाढले तर पूर्वीचाच गारवा मिळवायला सुमारे तीनशे मीटर वर जायला हवं. हिमालयातल्या पक्ष्याला ते जमेल. आपल्या कणकुंबी-जांबोटीच्या डोंगरांना हजार मीटरच्या आसपासच माथा येतो, आणि माथ्यावर राहणाऱ्याला वर काहीच नाही. मग उरतो तो आडवा मार्ग, सह्याद्रीच्या कण्याकण्याने. म्हणूनच राधानगरी, तिलारी, म्हादई, भीमगड, दांडेली आणि अणशी ही जंगलं एकमेकांना जोडलेली राहणं माझ्या मते कुठल्याही एका अभयारण्याच्या कुंपणापेक्षा महत्त्वाचं आहे.

मगरींची पिल्लं उन्हामुळे सगळी नर किंवा सगळी मादी होतात म्हणे. खरं का?

तत्त्व खरं आहे. आपल्या कृष्णेतली अथणी-चिकोडीकडची मगर आणि दांडेलीतल्या काळी नदीतली मगर एकाच जातीची. तिच्या अंड्यात नर घडणार की मादी हे घरट्यातलं तापमान ठरवतं. सुमारे ३२.५ अंशांच्या आसपास नर जास्त, ३१ च्या खाली माद्याच, आणि फार वर गेलं की पुन्हा माद्या येऊ लागतात. म्हणजे एक-दीड अंशाच्या फरकाने अख्खं घरटं बदलतं. समुद्री कासवांत ऊब वाढली की माद्या वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडच्या हिरव्या कासवांच्या पिलावळीत ९९ टक्के माद्या असल्याचं २०१८ साली दिसून आलं.

कृष्णेच्या मगरीवर ही वेळ आलेली नाही. मादी सावलीची जागा निवडून किंवा खड्डा खोल घेऊन थोडंफार सांभाळू शकते. पण त्यासाठी नदीला मातीचा, झाडीचा काठ उरायला हवा. वाळू उपसून आणि उसाची सरी पाण्यापर्यंत नेऊन आपण तोच काढून घेतो.

गवे आणि हत्ती शेतात येतात ते हवामान बदलामुळेच ना?

मुख्यतः नाही. दांडेलीकडून हत्ती खानापूर आणि चंदगडच्या बाजूला साधारण २००२ पासून येऊ लागले. त्यामागे जंगलातले बदल, जलाशय आणि वाटेवरचा ऊस-केळी ही कारणं मोठी आहेत. उन्हाळा कडक गेला, पाणवठे लवकर आटले, तर फेऱ्या वाढतात, इतपत संबंध जोडता येतो. ज्याचं भात एका रात्रीत तुडवलं गेलं त्याला हवामानावर भाषण देऊन भागत नाही. नुकसानभरपाई वेळेत मिळायला हवी, हे इथे स्पष्ट लिहिलेलं बरं.

गिधाडं आणि माळढोक गेले, चित्ता गेला. तेही यातच मोजायचे का?

नाही, आणि ही गल्लत टाळलीच पाहिजे. भारतातला चित्ता शिकारीने आणि माळरानं संपल्याने गेला, १९५२ साली तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माळढोकाला गवताळ माळ नांगरले गेल्याने आणि विजेच्या तारांना धडकून मरण आलं. गिधाडांना तर आपल्या गोठ्यातल्या औषधाने मारलं. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. १९९० च्या दशकापासून पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांसाठी हे औषध २००६ साली बंद झालं, २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. गुरं पाळणाऱ्यांनी ही तीन नावं लक्षात ठेवावीत.

जैवविविधतेवरच्या जागतिक समितीने २०१९ साली निसर्गाच्या ऱ्हासाची कारणं क्रमाने मांडली, तेव्हा जमीन आणि समुद्राच्या वापरातले बदल पहिले, थेट शिकार-मासेमारी-तोड दुसरी आणि हवामान बदल तिसरा आला. सगळं हवामानाच्या माथी मारलं की खाण खोदणारा, जंगल तोडणारा आणि विष टाकणारा मोकळा सुटतो. हा अनुभव नवा नाही.

चिमण्या?

घर-चिमणी नामशेष होण्याच्या वाटेवर नाही. शहरातल्या सिमेंटच्या घरांत घरट्याला कोनाडा नाही आणि पिल्लांना भरवायला अळ्या नाहीत, म्हणून ती बेळगाव शहरात कमी दिसते. खेड्यात पाहा.

पाऊस वाढला तर जंगलाला आणि नदीला चांगलंच नाही का?

कसा वाढला यावर आहे. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे. आपण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय एकाच वेळी फुगलेल्या पाहिल्या. आणि चारच वर्षांनी, २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

चढणीचे मासे धरणाऱ्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको. पहिल्या मोठ्या पावसात ओढा गढूळ होऊन भरला की गाभोळीने भरलेले मासे उलट्या धारेने वर चढतात, भाताच्या खाचरांत शिरतात आणि तिथे अंडी टाकतात. खाचरात पाणी टिकलं तरच पिल्लं जगतात. चढण झाल्यावर पाऊस दडी मारून बसला तर त्या वर्षीची पिल्लं गेली. त्यात आपण नेमके चढणीच्याच रात्री गाभोळीचे मासे पोत्याने काढले, तर पुढच्या वर्षी चढायचं कुणी? माझं आग्रहाचं मत आहे की पहिल्या चढणीचे दोन-तीन दिवस गावाने ठरवून मासे धरू नयेत.

मग झाडं लावायची ना?

जिथे झाडं होती तिथे लावा, तीही स्थानिक. जांभूळ, हिरडा, बेहडा, आंबा, उंबर. पण जांभ्याचे सडे उजाड दिसतात म्हणून तिथे खड्डे खोदून अकेशिया लावणं थांबवा. सडा ओसाड नसतो. उन्हाळ्यात काळाकुट्ट दगड दिसतो, पण पावसाळ्यात तिथेच कीटकभक्षी वनस्पती, दगडाखालच्या पाली, डबक्यांतली बेडकाची पिल्लं असा सगळा संसार उभा राहतो, आणि तो मोकळ्या उन्हावर चालतो. तसंच दरवर्षी गवताला लावलेल्या आगी. राब भाजताना लागलेली आग बांध ओलांडून रानात शिरली की पालापाचोळ्यातला ओलावा जातो आणि त्याखालचा देवगांडुळासारखा जीव होरपळतो.

कार्बन सोडणारे देश मोठे. खानापुरात आम्ही काही केलं तर फरक काय पडणार?

तापमान खानापुरात बसून थांबणार नाही, हे मान्य. कोळसा आणि तेल जाळणं कमी होणं हाच मूळ उपाय आणि त्यासाठी सरकारांवर दबाव हवाच. पण प्राणी बहुतेक वेळा एकट्या उन्हाने संपत नाही. ज्याची संख्या आधीच घटली आहे, ज्याचा अधिवास तुकड्यात अडकला आहे, त्याला एक वाईट वर्ष पुरतं. ज्याच्याकडे संख्या आणि जागा शिल्लक आहे तो सावरतो. सायगाचंच पुढे ऐका. २०१५ ला निम्म्याहून अधिक मेले, पण शिकारीवर कडक पहारा होता आणि माळ मोकळे होते. आठ वर्षांत कळप इतके वाढले की २०२३ साली लाल यादीत त्याची श्रेणी थेट 'संकटसमीप'वर आली.

आम्हाला नोंदी ठेवायच्या आहेत. काय लिहायचं?

तारीख, जागा, नक्षत्र आणि काय पाहिलं. पहिला बेडूक कधी ओरडला, काजवे कधी दिसले, ओढा कधी वाहू लागला आणि कधी आटला, चढण कोणत्या रात्री झाली. शाळेच्या एका वहीत दहा-पंधरा वर्षं हे नीट लिहिलं गेलं तर त्या तालुक्याचा तो मोलाचा दस्तऐवज होतो, कारण खेड्यापाड्यातल्या अशा नोंदी फार थोड्या आहेत. ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी पक्ष्यांसाठी ईबर्ड या ॲपवर आणि बाकी जिवांसाठी आयनॅचरलिस्ट या ॲपवर फोटोसह नोंद टाकावी. आयनॅचरलिस्टवर नाव येत नसलं तरी चालतं, ओळखणारे तिथे ओळखून देतात. दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा मात्र उघड करू नका, दोन्हीकडे ती झाकायची सोय आहे. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. आणि बारापेडेच्या गुहांत फोटोसाठी जाऊ नका, वटवाघळं पिल्लं घेऊन असतात तेव्हा तर मुळीच नको.